एवढंसंच उरलंय

मी पोळ्या दोनच खातो. हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. हात पोटावर ठेवून सांगितलं की मात्र ऐकणारा आधी पोटाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विषय बदलतो. वजन 84 किलो, उंची 5 फूट 5 इंच आणि पोळ्या दोन, हे गणित आजवर कुणालाच सुटलेलं नाही. आईला तर गणितच मान्य नाही. तिच्या मते मी वाळलोय.

गेल्या जूनमध्ये ऑफिसात सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं. तारीख आठ दिवस आधी कळली. शाळेपासून परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच पुस्तक उघडायची सवय, त्यामुळे त्या आठ दिवसांत मी चहातली साखर बंद केली, भात सोडला, संध्याकाळी सोसायटीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमननं दोनदा ‘साहेब, काही हरवलंय का’ असं विचारलं, आणि सकाळी नाक दाबून दुधी भोपळ्याचा रस प्यायलो. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी ठरू शकतो, म्हणून आधी चकती चाखून बघायची असते. ती चाखायचं कामही घरात मलाच होतं. बायको शेजारी उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि मी जिवंत आहे अशी खात्री पटली की मिक्सर लावायची.

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर 97. मी तो कागद घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो तो जवळजवळ पेढे घेऊनच. त्यांनी 97 कडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोट थेट खालच्या ओळीवर. एचबीएवनसी, 6.2.

“हे काय?” मी विचारलं.

“हे तुमचं तीन महिन्यांचं हजेरीपत्रक,” डॉक्टर म्हणाले. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरते ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. ती मोजली की मागचे दोन-तीन महिने माणूस कसा वागला ते कळतं. 5.7 च्या खाली असलेलं बरं, 6.5 ला मधुमेह. “तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात.”

मी मनातल्या मनात तीन महिने मागे गेलो. मार्चमध्ये होळीच्या पुरणपोळ्या. एप्रिलमध्ये भाच्याचं लग्न. मे महिनाभर आमरस. माझ्याच रक्तात माझ्याच पगारावर पोसलेल्या अब्जावधी खबऱ्यांनी एकेका वाटीची नोंद ठेवली होती, आणि मी आठ दिवस दुधी पिऊन त्यांना फितवायला निघालो होतो.

डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. ‘तज्ज्ञ’ म्हटल्यावर चष्मा लावलेले, पिकल्या केसांचे कुणीतरी असतील असं वाटलं होतं. निघाली आमच्या लेकीच्या वयाची मुलगी. मला ‘काका’ म्हणाली, पाणी दिलं, आणि एक कोरी वही हातात ठेवून म्हणाली, “काका, तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते ते लिहायचं. काही लपवायचं नाही.”

मी लपवलं नाही. देवाशपथ. तीन दिवस इमानेइतबारे लिहिलं: सकाळी चहा, पोहे एक बशी, दुपारी डबा, दोन पोळ्या, भाजी, रात्री दोन पोळ्या, वाटीभर वरण, चार घास भात. वाचून मलाच माझा अभिमान वाटला. इतका सात्त्विक माणूस आपल्या घरात राहतो आणि आपल्याला पत्ता नाही! तिसऱ्या रात्री मी वही बायकोला दाखवली. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “अहो, हे जेवण झालं. पण त्यानंतरचं?”

“त्यानंतरचं काय?”

“काल रात्रीची फोडणीची पोळी? ते दोन बटाटेवडे? आईंच्या पानातला शिरा?”

“ते मी खाल्लं नाही,” मी म्हणालो. “ते मी संपवलं.”

आणि हे म्हणताना माझा आवाज जराही हलला नाही, कारण माझी पन्नास वर्षं खरोखरच अशी समजूत आहे. खाणं वेगळं, संपवणं वेगळं. खातो तो भूक लागली म्हणून. संपवतो तो कर्तव्य म्हणून. सैनिकाला कुणी विचारतं का की सीमेवर किती चाललात?

हे नीट समजायला आमच्या घरची झाकपाक बघायला हवी. रात्री जेवणं झाली की बायको ओट्याशी उभी राहते. समोर पातेली, कढई, पोळ्यांचा डबा. प्रत्येकात काहीतरी उरलेलं असतं आणि ते नेमकं इतकंच असतं की ठेवायला भांडं काढावं तर भांड्याला लाज वाटावी, आणि टाकावं तर अन्नपूर्णेला. मी हात धुवून पेपर उघडलेला असतो. तेवढ्यात हाक येते. “अहो, आमटी एवढीशीच आहे, पिऊन टाका.” पितो. “भाजी दोन घास आहे, त्याला कुठे डबा काढू?” दोन घास भाजी नुसती कशी खाणार, म्हणून अर्धी पोळी. पोळी अर्धीच घेतली तर उरलेली अर्धी वाळून जाणार, म्हणून तीही. आता पोळी जास्त आणि भाजी कमी पडली, म्हणून पोळीला तूप-साखर. हा हिशेब कधीच जुळून शून्यावर येत नाही, पुढच्या खात्यात ओढला जातो, आणि तो शेवटी जिथे जमा होतो ते खातं मी पट्ट्याच्या शेवटच्या भोकात बांधून फिरतो.

यात बायकोचा दोष नाही. माझंच रक्त तसं आहे. माझ्या आईनं 72 चा दुष्काळ पाहिलाय. मी तेव्हा दोन वर्षांचा. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. त्या मिलोच्या भाकरीची चव सांगताना आई आजही तोंड वाकडं करते, आणि पुढच्याच वाक्यात “पण टाकली नाही हो कुणी” असं म्हणते. अशा बाईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला पानात शीत दिसलं तर झोप लागत नाही. लहानपणी मी माझं पान पुसून स्वच्छ करायचो, मग धाकट्या भावाचं. आता घरातल्या चारही पानांची जबाबदारी माझ्यावर आहे. बढती म्हणायची ती हीच.

आहारतज्ज्ञ मुलीनं माझी वही वाचली (बायकोनं लाल पेनानं भर घातलेली), आणि एकच प्रश्न विचारला. “काका, इथे ‘दाण्याची चटणी एक चमचा’ लिहिलंय. चमचा कोणता?”

आता हा प्रश्न आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला विचारलेला नव्हता. चहाचा चमचा असतो, पोह्यांचा असतो, तेलाच्या बुधलीतला असतो, वाढायचा असतो, आणि आईकडे लोणच्याच्या बरणीत एक लाकडी आहे तो यांपैकी कशातच बसत नाही. मी म्हणालो, “साधा.” ती म्हणाली, “साधा म्हणजे?” मी बोटांनी दाखवला. तिनं त्या बोटांमधल्या अंतराकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं.

मग तिनं ताट समजावून सांगितलं. आपल्या ताटात डावी बाजू असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात, पोळी. डावीकडचं बोटभर वाढायचं ही आपली रीत. कोशिंबीर पानात आली की ती शोभेला आलीय असं आपण धरून चालतो. “बाजू बदला,” ती म्हणाली. “निम्मं ताट भाज्या, कोशिंबिरी, फळं. भात-पोळी वाटीएवढी.” हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा आहे, असंही तिनं सांगितलं. मला एकदम हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी निम्मं ताट बटाट्याच्या भाजीनं भरलं आणि फोटो काढून तिला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. बटाटा त्यात धरत नाहीत.

मग काकडी आली, गाजर आलं, मुळा आला, बीट आलं. बायको उत्साही. परातभर कोशिंबीर करू लागली. तिनं आणि लेकीनं कौतुकानं चार चार चमचे जास्त खाल्ली, आईनं ‘मला चावत नाही’ म्हणून बाजूला सारली, आणि रात्री झाकपाकीच्या वेळी परातीच्या तळाशी दह्यात, दाण्याच्या कुटात आणि हिंगाच्या फोडणीत पोहणारी जवळजवळ तेवढीच कोशिंबीर उरली. कोशिंबीर दुसऱ्या दिवशी पाणी सोडते. फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. पुढचं तुम्हाला कळलं असेल. आरोग्यदायी गोष्ट होती, म्हणून मी नाही म्हणालो नाही. नुसती जात नव्हती, म्हणून भाताबरोबर घेतली.

याच सुमारास ऑफिसातल्या एका मित्रानं दोन वेळच्या जेवणाचं सांगितलं. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली ही पद्धत: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा, आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत. मी त्या मुलीला न विचारताच सुरू केलं. पद्धतीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या हाती लागल्यावर कुठल्याही पद्धतीचं जे होतं ते तिचं झालं. 55 मिनिटं ही मर्यादा आहे हे मला नीट उमगलं नाही. मला वाटलं, कोटा आहे. मी मोबाइलवर गजर लावून बसायचो. जेवण माझं वीस मिनिटांत व्हायचं, पण पस्तीस मिनिटं उरली आहेत म्हटल्यावर ती तरी वाया कशी घालवायची? सकाळचे उरलेले पोहे, चार वाजताच्या चहाबरोबर न खाल्लेली दोन खारी, लेकीनं अर्धं ठेवलेलं केळं, सगळं दिवसभर एका ताटलीखाली झाकून माझ्या 55 मिनिटांची वाट बघत असायचं. पूर्वी मी दिवसभर थोडं थोडं संपवायचो. आता ठोक भावात संपवू लागलो. एकदा बावन्नाव्या मिनिटाला मी उठू लागलो तर आई म्हणाली, “बस रे, अजून तीन मिनिटं आहेत. एवढा लाडू होतो तेवढ्यात.”

झाला.

नाचणीचं प्रकरण मात्र पूर्णपणे माझं स्वतःचं. 2023 हे भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून वाण्याच्या दुकानात ज्वारी-बाजरी-नाचणीनं रंगीत पाकिटं घातली आहेत. आईला मी तांबड्या ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणि त्यावरची किंमत दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हेच आम्हाला रेशनवर देत होते तेव्हा लोक रडत होते.” मी नाचणी घेतली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, असं कुठेतरी वाचून पाच किलो घेतली. हाडांची सोय एकदाच करून टाकावी म्हणून.

भाकरी मीच करणार, असं रविवारी सकाळी जाहीर केलं. गव्हाच्या पिठात चिकटा असतो म्हणून ते लाटणाऱ्याचं ऐकतं; नाचणीत तो नसतो, म्हणून आधी पाणी उकळून उकड काढावी लागते, गरम गरम मळावी लागते, आणि हात भाजत असताना चेहरा प्रसन्न ठेवावा लागतो. ही माहिती बायकोनं मला नंतर दिली. मी गार पाण्यात पीठ भिजवलं होतं. परातीत थापायला घेतलं तर पहिल्या तीन थापांना ते गोल झालं, चौथीला काठ फाटले, पाचवीला मधून भेग गेली, आणि उचलायला गेलो तेव्हा एक तृतीयांश भाकरी परातीत राहिली, एक तृतीयांश तळहाताला आणि उरलेली गॅसच्या बटणावर पडली. लेकीनं व्हिडिओ काढला. पाऊण तासानं तव्यावर एकच सलग म्हणता येईल अशी भाकरी उतरली. तिचा आकार हुबेहूब रत्नागिरी जिल्ह्यासारखा होता, खाड्यांसकट. ती बायकोनं चवीला घेतली. बाकीच्या सात भाकऱ्यांचा भुगा दूध-गूळ घालून कुणी संपवला हे सांगत बसत नाही. उरलेल्या साडेचार किलो पिठाचे आईनं तूप सोडून लाडू वळले. कॅल्शियम भरपूर होतं.

मध्ये आषाढी एकादशी आली. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही. उपास म्हणजे पोटाला विश्रांती असं ती मुलगी म्हणाली होती, आणि मी हो म्हणालो होतो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तोही दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेल्या एका कंदाचा, हे तिनं सांगितलं ते द्वादशीला. विठ्ठलाच्या उपासाला आपण परदेशी कंद, परदेशी बटाटा, परदेशी मिरची आणि परदेशी शेंगदाणा खातो आणि गव्हाच्या पोळीनं मात्र उपास मोडतो, यावर मी तिला एक मुद्देसूद मेसेज लिहिला. तिनं परत विचारलं, “काका, खिचडी किती वाट्या?”

मग श्रावण. मग गणपती. मोदक मी पाचच खाल्ले. संपवले किती, ते उकडीच्या चाळणीला माहीत.

सप्टेंबरअखेर पुन्हा रक्त दिलं. या वेळी आठ दिवसांची तयारीसुद्धा केली नाही. खबऱ्यांना फितवता येत नाही हे कळून चुकलं होतं. सोबत म्हणून बायकोनंही तपासून घेतलं. तिचं सगळं छान आलं. तीन महिन्यांत तिचं वजन साडेतीन किलोनं उतरलं होतं. लेकीला जीन्स सैल होऊ लागल्या होत्या. माझं 6.3. एका घरात एकच स्वयंपाक, एकच ताटाची रीत, आणि दोघींचं जे गेलं ते कुठे गेलं हे शोधायला प्रयोगशाळेची गरज नव्हती.

त्या मुलीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, माझ्या वहीतल्या लाल पेनाच्या ओळी मोजल्या, आणि पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाली, “काका, बाकी सगळं राहू द्या. दोन पोळ्या खा, आवडतं ते खा. फक्त संपवू नका. आणि जे तोंडात जाईल ते ‘खाल्लं’ असंच लिहायचं. ‘संपवलं’ हा शब्द वहीत नको.”

घरी येऊन मी हे सांगितलं. बायकोनं मनावर घेतलं. बाजारातून झाकणाच्या डझनभर लहान वाट्या आणल्या. पहिल्या रात्री मी पेपर वाचत बसलो आणि स्वयंपाकघरातून हाक आलीच नाही. झाकणं लागल्याचे आवाज तेवढे येत होते: टक्, टक्, टक्. मला पेपरातलं अक्षर दिसेना. निवृत्त माणसाला ऑफिसची बस गल्लीतून जाताना ऐकू येते तेव्हा काय वाटत असेल ते मला त्या रात्री कळलं. चौथ्या दिवशी फ्रीज उघडला तर आत अकरा वाट्या. एकीत तीन शेंगा, एकीत चमचाभर मेतकूट-भात, एकीत काय होतं ते कुणालाच ओळखता येईना. आईनं सगळ्यांचं एकत्र थालीपीठ लावलं. मी एकच खाल्लं. दुसरं ताटलीत पडून होतं, त्याच्याकडे पाठ करून बसलो.

काल बायकोनं तूप कढवलं. आठवड्याची साय, मग लोणी, मग मंद आचेवर तासभर. घरभर तो वास. तूप गाळून झालं की कढईच्या बुडाला तांबूस, रवाळ बेरी राहते. गरम असतानाच तिच्यावर साखर भुरभुरायची आणि बोटानं निपटायची. पन्नास वर्षांत या घरातली एकही बेरीची कढई माझ्या हातून गेल्याशिवाय घासायला पडलेली नाही. मी अगदी सहज, पाणी प्यायला म्हणून ओट्याशी गेलो.

कढईत पाणी घातलेलं होतं. साबणाचं.

बायको माझ्याकडे न बघता ओटा पुसत होती. मी पाणी प्यायलो. बाहेर येऊन बसलो. थोड्या वेळानं आई काठी टेकत आली, इकडेतिकडे बघितलं, आणि पदराखालून एक वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. “आधीच काढून ठेवली होती,” ती हळूच म्हणाली. “किती वाळलायस रे.”

रात्री वही उघडली. लाल पेन बायकोकडे होतं, ती झोपली होती. मी स्वतःच्या निळ्या पेनानं लिहिलं: बेरी, साखर घालून, एक चमचा. खाल्ली.

चमचा कोणता, ते तिनं विचारलं तर सांगेन.